प्लेस्टेशन व्हिटा बाजारात का टिकला नाही?

जुळे सोलापूरकर
नमस्कार. नवी पेठेतील एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विक्रीला ठेवलेला जुना प्लेस्टेशन व्हिटा, म्हणजे सोनीचे हातात धरून गेम खेळायचे यंत्र, नुकताच हाताळून पाहिला. पाच इंची ओलेड स्क्रीन, दोन अ‍ॅनालॉग स्टिक, शिवाय पाठीमागेही टचपॅड. २०११ सालचे यंत्र असूनही त्याचे रंग आजच्या मोबाइलच्या तोडीचे वाटले. सोनीच्याच पीएसपी या आधीच्या यंत्राचा खप साडेसात कोटींच्या वर गेला होता, मग त्याचा हा वारसदार इतका का आपटला?

होटगी रोड
मुख्य कारण स्मार्टफोन. प्रवासात वेळ घालवण्यापुरता खेळणारा ग्राहक फुकटच्या गेमकडे वळला, आणि २५० डॉलरचे वेगळे यंत्र खिशात बाळगण्याची त्याला गरज उरली नाही.

सात रस्ता
होटगी रोड यांचे म्हणणे अर्धेच पटते. स्मार्टफोन तर निन्टेन्डोच्याही मुळावर आला होता, तरी त्याच काळात निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या अशाच यंत्राचे सुमारे ७.६ कोटी नग विकले गेले. थ्रीडीएसची सुरुवातही अडखळतच झाली होती. मात्र निन्टेन्डोने ऑगस्ट २०११ मध्ये जपानमधील किंमत २५,००० येनवरून थेट १५,००० वर आणली. व्हिटा डिसेंबरमध्ये २४,९८० येनला आला. त्याहून मोठा घाव म्हणजे, ज्या मॉन्स्टर हंटर या गेमच्या मालिकेच्या जोरावर जपानमध्ये पीएसपी खपला, तिचा नवा भाग व्हिटाच्या बरोबर आठवडाभर आधी थ्रीडीएसवर दाखल झाला.

आता मेमरी कार्डाविषयी, कारण माझ्या मते सोनीने स्वतःच्या हाताने पायावर मारून घेतलेला धोंडा तोच होता. थ्रीडीएसला साधे एसडी कार्ड चालत असे. व्हिटाला मात्र सोनीचेच खास कार्ड लागे आणि अमेरिकेत त्यातील ३२ जीबीच्या कार्डाची किंमत सुरुवातीला जवळपास १०० डॉलर, म्हणजे यंत्राच्या किमतीच्या चाळीस टक्के होती. पहिल्या मॉडेलमध्ये वापरता येईल अशी अंतर्गत साठवण नसल्याने काही गेम कार्डाशिवाय सेव्हही होत नसत. यामागे पीएसपीवरील चोरट्या गेमची धास्ती असावी, आणि ती निराधार नव्हती: आपल्याकडेही दुकानदार मेमरी स्टिकवर (पीएसपीच्या मेमरी कार्डावर) गेम भरून देत आणि अस्सल यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या गेमची चकती, क्वचितच कोणी विकत घेई. परंतु त्या चोरीचा दंड प्रामाणिक ग्राहकाकडून वसूल झाला. पुढे खप नाही म्हणून मोठे गेम नाहीत आणि गेम नाहीत म्हणून खप नाही, असे चक्र सुरू झाले. २०१५ पर्यंत सोनीनेच व्हिटासाठी मोठे गेम तयार करणे थांबवले होते.

जुळे सोलापूरकर
आभारी आहे. दुकानातील नगासोबत ४ जीबीचेच कार्ड आहे. घ्यावा का?

सात रस्ता
एवढ्या कार्डात एखादाच मोठा गेम डाउनलोड होईल. मायक्रोएसडीसाठी अडॅप्टर मिळतो, पण तो गेम कार्डाच्या खाचेत बसतो आणि त्यासाठी यंत्राचे सॉफ्टवेअर बदलावे लागते. ती खटपट करायची नसेल, तर दुकानदाराकडे मोठे कार्ड मागा आणि मगच भाव ठरवा.