नशेत असलेल्या ग्राहकाला मद्य देत राहणाऱ्या बारवर कारवाई होते का?

धरमपेठकर: मागच्या महिन्यात नागपूरच्या सदर भागातील एका परमिट रूममध्ये शेजारच्या टेबलावरील गृहस्थांना धड उभेही राहता येत नव्हते, तरी वेटरने त्यांच्यापुढे आणखी एक लार्ज ठेवला आणि थोड्याच वेळात ते दुचाकीची किल्ली चाचपडत बाहेर पडले. आम्ही त्यांना ऑटोत बसवून दिले. मॅनेजरांना विचारले, तेव्हा ‘ग्राहकाला नाही कसे म्हणायचे?’ एवढेच उत्तर मिळाले. फेब्रुवारी 2024 मध्ये इथल्या राम झुला पुलावर, दारू पिऊन चालवल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुणांचा जीव गेला, तेव्हापासून असे काही दिसले की मला राहवत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 185 मद्यपी चालकाला पकडते, देणाऱ्याचे काय?

वऱ्हाडी वकील: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 54 नुसार अटींचा भंग करणाऱ्याचा परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. अडचण पुराव्याची आहे. बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 ही वयोमर्यादा ओळखपत्रावरून लगेच सिद्ध होते, म्हणूनच मे 2024 मधील पुण्याच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला मद्य देणाऱ्या बारच्या मालक-मॅनेजरांना अटक होऊ शकली. समोरचा माणूस किती नशेत होता, हे मात्र दुसऱ्या दिवशी कोणत्याही कागदावर सापडत नाही.

जुना काउंटरवाला: कागद असतो, तो म्हणजे बिल. साठ मिलीच्या एका लार्जमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असते आणि सत्तर किलोच्या माणसाने तो उपाशीपोटी झटपट घेतला, तरी 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची वाहनचालकांसाठीची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मी मॅनेजर असताना तिसऱ्या लार्जनंतर ‘रिपीट’ घेण्यापूर्वी वेटरने मला विचारावे, असा नियम केला होता. वेटरांना तो आवडला नाही, कारण बिल वाढले की टिप वाढते, आणि त्या पगारात त्यांना दोष देणे मला जड जाते. नाकाबंदीत सापडलेल्या चालकाने शेवटचा पेला कुठे घेतला, हे पोलिसांनी नोंदवून राज्य उत्पादन शुल्क विभागाला कळवले, तर त्या रात्रीची बिले मागवता येतील.

धरमपेठकर: आभारी आहे. गेल्या तीन वर्षांत शहरात या कारणावरून किती परवानाधारकांना नोटिसा गेल्या, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात देतो. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. आले की इथेच टाकीन.