थर्मोस्टॅट काढायच्या आधी ब्लॉक धुऊन बघा

भाऊ, तुमच्या मार्क टू अँबेसेडरचं रेडिएटर नवं, वॉटर पंप नवा, तरी कन्नडच्या घाटात तापमानाचा काटा लालमध्ये जातो, आणि मेकॅनिक म्हणतोय थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) फेकून द्या. अजिबात ऐकू नका. हा आपल्याकडचा ठरलेला इलाज आहे, रोग तसाच राहतो.

गाडी उभ्या उभ्या तापत असती तर पंखा आणि बेल्ट बघा म्हणलो असतो. तुमची चालती तापतेय, म्हणजे पाणी नीट फिरत नसणार. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बादलीलाही पांढरा थर धरतं. तेच वर्षानुवर्षं त्या 1489 सीसी इंजिनच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागात, ओतलंय. क्षार आणि गंज मिळून मागच्या सिलिंडरभोवती घट्ट गाळ बसतो, तिथं नवं रेडिएटर काय करणार?

इंजिन पूर्ण थंड असताना ब्लॉकच्या मागच्या बाजूची ड्रेनची तोटी उघडा. पाणी आलंच नाही तर दुखणं सापडलं. तोटी काढून भोकात जाड तार घालून खरवडा, तांबडा चिखल सुटेल. तेवढ्यानं नाही भागलं तर वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेल्या पत्र्याच्या चकत्या) काढून आतून साफ करा आणि नवे ठोका. मग पाईपनं उलटं पाणी सोडा, नितळ येईपर्यंत.

थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून गरम करा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास उघडला तर तोच परत बसवा. स्पार्कचं टायमिंगही बघून घ्या, स्पार्क उशिरा पडला तरी इंजिन तापतं. भरताना मात्र डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, बोअरचा थेंबही नको.