बीपी आर्ट लाईनवर (धमनीत घातलेली नळी) 182, कफवर (दंडाचा पट्टा) 140. खरं कुठलं धरायचं?

रात्रपाळी_ओटी
पेशंट काल ओटीतून आयसीयूत आलाय, रेडियल आर्ट लाईन चालू आहे. मॉनिटरवर 182/58, मीन (सरासरी) 98. दुसऱ्या हाताच्या कफवर 140/72, मीन 95. पल्स 110. मॉनिटरवरच्या लाटेचं टोक सुईसारखं. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या ट्रान्सड्यूसर (नळीतला दाब मोजणारा सेन्सर) बदल. बदलला, तरी तेच.

आयसीयू_ताई
झीरो (हवेचा दाब शून्य धरणं) परत केलंस का? आणि ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आहे का बघ. आमच्याकडे बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो.

बायोमेड_काका
ताई, झीरो किंवा उंची चुकली तर वरचा, खालचा, मीन तिन्ही आकडे एकाच बाजूला सरकतात. 10 सेंमीला साधारण साडेसात मिमी पारा. इथे वरचा 42 ने चढलाय, खालचा 14 ने उतरलाय आणि मीन जवळपास जागच्या जागी. लाईन झुलतेय. नळीतलं सलाईन म्हणजे वजन, नळीची भिंत आणि ट्रान्सड्यूसरच्या आतला पडदा म्हणजे स्प्रिंग. फ्लश (नळीत जोराने सलाईन सोडणारी कळ) ओढून पटकन सोड, सेकंदाला 25 मिमी वेगाने प्रिंट काढ.

रात्रपाळी_ओटी
काढली. लागोपाठच्या दोन टोकांत 2 मिमी. पहिला झोका 18 मिमी, लगेचचा उलटा 10.

बायोमेड_काका
25 भागिले 2, म्हणजे लाईन सेकंदाला साडेबारा झोके घेते, साडेबारा हर्ट्झ. 10/18 वरून डॅम्पिंग (झोके किती लवकर विरतात ते) 0.18 च्या आसपास; हवं 0.6-0.7. (पुस्तकात ‘अवमंदन’ म्हणतात, वॉर्डात कोणाला कळायचं नाही.) 110 पल्स म्हणजे 1.83 हर्ट्झ, त्याचा सहावा हार्मोनिक (पल्सच्या सहापट वेगाची लहर) 11 वर. तो तुझ्या लाईनीत अडीच पट फुगतोय. पल्स 60 असती तर हीच लाईन बरीच शहाण्यासारखी वागली असती.

आता कोणीतरी सांगेल, छोटा बुडबुडा राहू दे, डॅम्पिंग वाढतं. ऐकू नकोस. वाढतं खरं, पण हवा दबते, स्प्रिंग मऊ पडते, फ्रिक्वेन्सी खाली येते आणि फुगवटा पल्सच्या आणखी खालच्या, जास्त जोराच्या हार्मोनिकवर जाऊन बसतो. उमेदवारीत हा शहाणपणा मी स्वतः केलाय, सिस्टॉलिक (वरचा आकडा) उलट चढलं होतं.

नळी किती लांब आहे रे?

रात्रपाळी_ओटी
ओटीत टेबल फिरवलं तेव्हा 150 सेंमीची एक्स्टेंशन जास्तीची जोडली होती, वर दोन थ्री-वे (तीन तोंडांच्या तोट्या). एक्स्टेंशन आणि एक थ्री-वे काढला. त्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा होता. आता टोकांत 1.2 मिमी, प्रेशर 148/69, कफ 142/72. आधीचा ट्रान्सड्यूसर फुकट गेला, स्टोअरला चिठ्ठी मलाच लिहायचीय.