प्रतिसाद : ऑपरेशननंतर पेट स्कॅन की मॅमोग्राफी?
ताई, तुम्ही लिहिलं की मामीचं स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) पण झाले, आता दरवर्षी पेट स्कॅनसाठी (अंगभर कॅन्सर शोधणारा मोठा स्कॅन) वावर गहाण टाकायचं का. नका टाकू! काही त्रास नसताना नुसतं पाहाले म्हणून पेट स्कॅन करत नाहीत, वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) अन् मधेमधे डॉक्टरची तपासणी, पहिली मॅमोग्राफी शेक संपल्यावर ६ ते १२ महिन्यांनी. पूर्ण स्तन काढला असला तर त्या बाजूची सहसा लागत नाही पण दुसऱ्या बाजूची दरवर्षी करायचीच, आमच्याकडच्या बाया नेमकी हीच करायची सोडून देतात अन् माझा जीव तुटतो.

वर कोणी म्हणलं सोनोग्राफीनं भागते, तर नाही, चुन्याचे (कॅल्शियमचे) बारीक कण, जे कधी कधी कॅन्सरची खूण असतात, ते मॅमोग्राफीतच नीट दिसतात, सोनोग्राफी जोडीला. सेवाग्राम नाहीतर नागपूरच्या दवाखान्यात जाल तेव्हा मॅमोग्राफीच्या जुन्या फिल्मा न्याच, ऑपरेशनचा व्रण अन् नवीन गाठ यातला फरक जुन्याशी ताडला की नीट कळतो. काखेत पावडर लावून जाऊ नका, फिल्मवर ती कणासारखी उमटते. अन् हाडं दुखणं, दम लागणं, काखेत गाठ असं काही झालं तर वर्षाची वाट न पाहता दाखवा, मोठे स्कॅन तेव्हा लागू शकतात.