अवकाश संशोधनात आपल्यासारख्यांना खरंच काही करता येतं का?

सुजाता_ऐरोली:
नमस्कार. मी ऐरोलीला राहते, एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आमच्या मजल्यावरची सगळी जण एकाच टीव्हीसमोर होती. मुलीला तेव्हापासून या विषयाची ओढ लागली. आता ती नववीत आहे. टाळ्या वाजवण्यापलीकडे आम्हा दोघींना काही करता येईल का? माझं शिक्षण बी.कॉम., घरी दुर्बीण नाही. एक क्लासवाले ‘लघुग्रह शोधा, प्रमाणपत्र मिळवा’ म्हणून साडेतीन हजार मागतायत. भरू का?

नौपाड्याचे_काका:
सुजाताताई, पैसे भरू नका. लघुग्रह शोधायची जी आंतरराष्ट्रीय मोहीम आहे, इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन, तिच्यात भाग घ्यायला एक पैसाही लागत नाही. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो मिळतात आणि त्यात सरकणारा ठिपका हुडकायचा असतो. एक मात्र मुलीला आधीच सांगा: सापडलेला ठिपका पक्का व्हायला पुढे कित्येक वर्षं जातात.

बी.कॉम.ची अडचण मनातून काढून टाका. मी आयुष्यभर लेखा विभागात होतो, आणि या कामात नोंदी ठेवायची सवयच सगळ्यात उपयोगी पडते. २०१९ मध्ये विक्रम लँडर कोसळला, तेव्हा त्याचे अवशेष पहिल्यांदा ओळखले ते चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन यांनी. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो सगळ्यांसाठी खुले होते. ते लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून ते ठिपकान्‌ठिपका ताडत बसले. डिसेंबरमध्ये नासाने त्यांचं नाव घेऊन तो शोध जाहीर केला.

माझं स्वतःचं काम रूपविकारी ताऱ्यांचं, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं ते तारे. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल ठाण्यातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. रोहिणी आणि प्रश्वा यांच्याशी त्याची तुलना करायची, त्या दोघांच्या मध्ये तो कुठे बसतो ते ठरवायचं आणि तारीख-वेळेसह वहीत लिहायचं. तिन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर आले की बघा, कारण क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे मंद दिसतो. या नोंदी १९११ पासून चालत आलेल्या आव्‍सो (AAVSO) या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संस्थेकडे पाठवता येतात, निरीक्षक कोड फुकट मिळतो. २०१९ च्या अखेरीस काक्षी अचानक मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकोळला होता. ती घसरण टिपणाऱ्यांत जगभरचे हौशी निरीक्षक होते. मोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्याकडे रोज बघत बसायला वेळ नसतो, तो आपल्याकडे असतो.

पावसाळ्यात आभाळ बंद. तेव्हा झूनिव्हर्सवर जा, म्हणजे सामान्य लोकांच्या मदतीने संशोधन करणाऱ्या संकेतस्थळावर. तिथे आकाशगंगांचे आकार ओळखण्यापासून दूरच्या ग्रहांच्या खुणा शोधण्यापर्यंत बरीच कामं असतात, मोबाइलवरही जमतात.

आणि नववीच्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ कार्यक्रम आहे, २०१९ पासून. आठवीचे गुण धरतात. प्रवास-राहण्याचा खर्च इस्रो करते. यंदाची जाहिरात चुकवू नका, दहावीत गेली की संधी गेली.

नेरुळ_रेडिओ:
काकांचं सगळं पटलं. माझी भर रेडिओची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर चित्रं पाठवतात. लॅपटॉपला लागणारा एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी पकडणारं छोटं उपकरण), तारेचा साधा अँटेना आणि फोनवर रोबोट३६ हे अ‍ॅप एवढ्यावर ती उतरवता येतात. एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं मिळतात, त्यामुळे गच्चीची चावी आधीच मागून ठेवा. आमच्या सोसायटीत वॉचमन शोधण्यातच स्थानक निघून जातं. पहिलं चित्र ओळीओळीने उमटताना माझ्या आईने बघितलं आणि ती खुर्ची घेऊन तिथेच बसली. स्वतः बोलायचं असेल तर मात्र हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

सुजाता_ऐरोली:
दोघांचेही मनापासून आभार. क्लासवाल्यांना नाही म्हणून कळवलं. एक शंका: आमच्या इथून कंपन्यांच्या आणि हायवेच्या दिव्यांमुळे मोजकेच तारे दिसतात. अशा नोंदींचा कोणाला काय उपयोग?

नौपाड्याचे_काका:
ताई, त्याच नोंदी हव्या आहेत! ‘ग्लोब अ‍ॅट नाइट’ ही मोहीम २००६ पासून नेमकं हेच गोळा करते: कुठून किती तारे दिसतात. दिलेल्या नकाशांपैकी तुमच्या आभाळाशी जुळणारा निवडायचा आणि जागा, वेळ टाकायची. अंधाऱ्या गावातून नोंद पाठवणारे हौशी असतात, पण ऐरोलीसारख्या उजेडाच्या ठिकाणाहून पाठवणारा माणूस हवा. तारखा चंद्र नसलेल्या रात्रींच्या असतात. बाहेर आल्यावर दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, फोन खिशात ठेवा. आणि दरवेळी गच्चीच्या त्याच कोपऱ्यातून बघा, म्हणजे यंदाची आणि पुढच्या वर्षीची नोंद एकमेकींशी ताडता येईल.