सिराक्यूज गाळू नका

काही जण म्हणतात की इटलीच्या सिसिली बेटावर ग्रीक मंदिरं बघायला अग्रिजेंतो शहर पुरे, सिराक्यूज शहर गाळलं तरी चालेल. मी तर म्हणेन, उलट करा! सिराक्यूजच्या ऑर्तिजा बेटावरचं कॅथेड्रल (मुख्य चर्च) म्हणजे इ.स.पू. ५व्या शतकातलं अथेना या ग्रीक देवीचं देऊळच आहे. ७व्या शतकात त्याचं चर्च केलं तेव्हा सगळं पाडत बसले नाहीत. बाहेरच्या डोरिक (साध्या, जाड ग्रीक घडणीच्या) खांबांमधली जागा चिणून भिंती उभ्या केल्या, गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी पाडल्या, झालं काम.

फोटो सगळे समोरच्या बरोक (भरपूर नक्षीच्या शैलीतल्या) दर्शनी भागाचे काढतात, पण तो १६९३च्या भूकंपानंतरचा. त्याच्याकडे तोंड करून डावीकडच्या गल्लीत वळा. तिथे भिंतीतून जाडजूड खांब अर्धवट बाहेर आलेले दिसतात. आत तर खांबांच्या उभ्या पन्हळींवरून चक्क हात फिरवता येतो.

या देवळाच्या दरवाजांवरचं सोनं आणि हस्तिदंती काम रोमन सुभेदार व्हेरेसने लुटलं, रोमन वकील सिसेरोने व्हेरेसवरच्या खटल्यासाठी लिहिलेल्या भाषणात या लुटीचा पाढाच वाचलाय. दगड तेवढे व्हेरेसच्या हातून सुटले म्हणायचे.

आत जायला तिकीट आहे, किरकोळ. आणि खांदे झाकलेले असू द्या, उन्हाळ्यात हमखास विसरायला होतं.