मदत हवी आहे: कॉलेजचा जमाखर्च कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने अशा कॉलेजांना वाट मोकळी केली, मग जागा वाढतच गेल्या. आता आमच्याकडे सिव्हिल-मेकॅनिकलचे अर्धे बाक रिकामे. सगळ्यांना कॉम्प्युटरच हवंय. पण वर्गात पोरं ३० असोत की ६०, वर्कशॉप, लॅब, पगार यांचा खर्च तेवढाच. त्यात शिष्यवृत्तीचे सरकारी पैसे उशिरा येतात आणि आमचे पगार लांबतात. फी वाढवणं मला पटत नाही. जत-आटपाडीकडच्या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांनी आणायची कुठून? शेजारच्या कॉलेजाशी लॅब आणि शिक्षक वाटून घेणं कुणी करून पाहिलंय का? खर्चाची वाटणी कशी केली, विद्यापीठाची परवानगी कशी मिळवली? पुढच्या आठवड्यात बैठक आहे, कृपया सविस्तर सांगा.